वाचकांची पत्रं : गाद्याचं माहेर कुठलं?

मागच्या अंकात या पानावर मी सहज एक वाक्य लिहिलं होतं, की एकाच प्रजातीचे डॉल्फिन किनाऱ्याकिनाऱ्याला जनुकांनी वेगळे निघतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हा सगळा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मी हर्णे-मुरुडला पर्यटकांना डॉल्फिन, म्हणजे आमच्या भाषेत गादा, दाखवायला होडी घालतो. आमच्याकडचा गादा आणि गोव्याचा गादा एकच ना? पाण्याला काय कुंपण आहे? मनात आणलं तर गादा दोन दिवसांत मालवण गाठेल. मग जनुकं वेगळी कशी होतील? आणि झालीच, तर तुम्हांला ती कळतात कशी? – एक होडीवाला, हर्णे

उत्तर : दादा, गादा दोन दिवसांत मालवण गाठेल, हे मला मान्य. पण तो जातो का, आणि गेलाच तर तिथे त्याचं पिल्लू होतं का, हे पाहायला हवं. नुसतं जाऊन आल्याने जनुकं मिसळत नाहीत.

माझं गाव दाभोळच्या खाडीच्या दक्षिण अंगाला. लहानपणी आजोबांबरोबर तरीने दाभोळला जाताना खाडीच्या तोंडाशी गादे दिसायचे. आजोबा त्यांना पाठीवरच्या पराच्या (फिनच्या) खुणेवरून ओळखत. एकाच्या पराला मागच्या बाजूने खाच होती. तो भरतीबरोबर आत यायचा आणि ओहोटीला तोंडाशी थांबायचा. मी चौथीत होते तेव्हाही तो होता आणि आठवीत गेले तेव्हाही. आज संशोधक पराचे फोटो काढून, त्यांच्या वह्या करून हेच काम करतात.

गादा म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक डॉल्फिन. वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात तो क्वचितच जातो. बोय, ढोमा असलं किनाऱ्याचं, खाडीच्या तोंडाचं मासं हे त्याचं खाणं. म्हणजे तुमच्या होडीतून पश्चिमेला जो अरबी समुद्र पसरलेला दिसतो, तो बहुतेक सगळा त्याच्या लेखी परमुलूखच. त्याचा मुलूख म्हणजे किनाऱ्यालगतची एक चिंचोळी पट्टी. ती दक्षिण आफ्रिकेतल्या फॉल्स बेपासून सुरू होते, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने, तांबड्या समुद्रातून, ओमान, पाकिस्तान, गुजरात करत आपल्याकडे येते आणि खाली केरळच्याही पुढे जाते. रुंदी थोडक्या किलोमीटरची आणि लांबी हजारो किलोमीटरची. अशा पट्टीवर कोण कुणाशी सोयरीक करणार? शेजारच्या खाडीतल्याशी, फार तर त्याच्या पलीकडच्याशी.

आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसंच हे. शेजारच्या दोन गावांची बोली जवळपास सारखी असते, पण संगमेश्वरी बोलणारा थेट कारवारात नेऊन बसवला तर फरक कानाला लगेच कळतो. जनुकांचंही असंच होतं. अंतर वाढेल तसा फरक साचत जातो.

पण काही ठिकाणी फरक असा हळूहळू न वाढता एकदम उडी मारतो, आणि मला त्याचंच जास्त नवल वाटतं. २०११ साली 'हेरेडिटी' या नियतकालिकात याच गाद्यांवरचा एक अभ्यास आला. नमुने होते दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया आणि ओमान इथले. संशोधकांनी जनुकांतल्या फरकाशेजारी उपग्रहांनी टिपलेली समुद्राची माहिती ठेवली : पाण्याचं तापमान, गढूळपणा, पाण्यातलं हरितद्रव्य, प्रवाह. जिथे पाण्याचा स्वभाव बदलतो तिथेच गाद्यांची जनुकंही बदलत होती. कुंपण होतं ते असं. ओमानच्या किनाऱ्यालगत पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं गार पाणी वर येतं. आपल्याकडे त्याच महिन्यांत नद्यांचं गढूळ गोडं पाणी समुद्रात उतरतं. तिथलं मासं वेगळं, इथलं वेगळं, आणि मासं पकडण्याची पिल्लाने आईकडून शिकलेली रीतही वेगळी.

सवयीचं कुंपण किती पक्कं असू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण गाद्याचं नाही, ओर्काचं आहे. ओर्काला किलर व्हेल म्हणतात, पण तो डॉल्फिनच्याच कुळातला. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला एकाच पाण्यात ओर्कांच्या दोन जमाती राहतात. एक सॅल्मन मासे खाते, दुसरी सील आणि इतर सागरी सस्तन प्राणी मारते. त्या एकमेकींच्या जवळून जातात, पण सोयरीक करत नाहीत. २०१० साली त्यांचा मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कणांतला, सगळा डीएनए वाचला गेला, तेव्हा सील खाणाऱ्यांचा वंश सुमारे ७ लाख वर्षांपूर्वी वेगळा झाल्याचा अंदाज निघाला.

आता हे कळतं कसं ते सांगते. पेशीत डीएनए दोन जागी असतो. केंद्रकातला अर्धा आईचा, अर्धा बापाचा. दुसरा अगदी छोटा, जेमतेम १६ हजार ४०० अक्षरांचा. तो मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांत असतो आणि फक्त आईकडून येतो. त्याला मी नथ म्हणते. आजीची नथ आईकडे, आईची लेकीकडे. मुलग्यालाही ती मिळते, पण त्याच्याकडून पुढे जात नाही. शेकडो पिढ्यांत कधीतरी एखादा मोती बदलतो, म्हणजे एक अक्षर बदलतं. ज्यांच्या नथी हुबेहूब, त्यांची कुठल्यातरी मागच्या पिढीतली आजी एक. एका खाडीतल्या नथी एका घडणीच्या आणि पुढच्या मुलखातल्या दुसऱ्या घडणीच्या निघाल्या, तर माद्या माहेर सोडत नाहीत हे समजतं. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे काही बॉटलनोज डॉल्फिन तळ उकरताना चोचीवर समुद्री स्पंज चढवतात, म्हणजे चोच खरचटत नाही. २००५ साली त्यांची नथ तपासली, तर जवळजवळ सगळ्यांची एकाच घडणीची. ही कला आई लेकींना शिकवत आली होती.

नथीला एक मर्यादा आहे. तिच्यावरून बापाकडचं काही कळत नाही. नर दूरवर हिंडून पिल्लं करत असतील तर नथ ते सांगत नाही. त्यासाठी केंद्रकातला डीएनए बघावा लागतो. तिथे काही जागी दोन-चार अक्षरं पुन्हापुन्हा येतात, कुणात बारा वेळा, कुणात पंधरा वेळा. अशा दहा-पंधरा जागा मोजल्या की प्रत्येक डॉल्फिनची ओळखच हाती येते. हल्ली तर हजारो जागी एकेका अक्षराचा फरक बघता येतो. मग एक आकडा काढतात, की जेवढा म्हणून फरक सापडला त्यातला किती वाटा वस्तीवस्तीतल्या वेगळेपणाचा आहे. सगळा फरक प्रत्येक वस्तीच्या आतच असेल आणि वस्त्या एकमेकींसारख्या असतील, तर आकडा शून्य. वस्त्या पार तुटलेल्या असतील, तर तो एककडे सरकतो.

हर्णे ते पणजी सुमारे अडीचशे किलोमीटर. त्या २०११च्या अभ्यासात ओमानच्या पूर्वेचा एकही नमुना नव्हता. माझा अंदाज असा, की हर्णे आणि गोव्याच्या गाद्यांत आकडा लहानच निघेल. पण दादा, तुमच्या धंद्याशी थेट संबंध असलेली गोष्ट इथे आहे, ती नीट वाचा. दोन वस्त्यांची जनुकं फार वेगळी न होऊ द्यायला पिढीमागे मोजकेच पाहुणे पुरतात. तेवढ्यावर आकडा लहान राहतो. पण हर्ण्याचे गादे उद्या जाळ्यांत नाहीतर इंजिनांच्या पंख्यांत संपले, तर तेवढ्या पाहुण्यांनी हर्णे पुन्हा भरणार नाही. जनुकं सारखी आहेत म्हणून 'गोव्याकडून येतील की' असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. ज्या गाद्यांवर तुमची होडी चालते ते हर्ण्याचेच आहेत. इंजिन मंद ठेवा, कळपाच्या मधे होडी घालू नका आणि पिल्लू दिसलं की लांबूनच वळवा.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. डॉल्फिनचा डीएनए घ्यायला त्याला पकडतात का? एका व्हिडिओत त्याला बाण मारताना पाहिलं आणि फार वाईट वाटलं. त्याला दुखत नाही का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वाईट वाटलं ते बरंच झालं. ज्याला वाटत नाही त्याच्या हाती ते धनुष्य देऊच नये, असं माझं मत आहे.

सहसा पकडत नाहीत. तू पाहिलास तो बाण आडव्या धनुष्यातून किंवा खास बदल केलेल्या हलक्या बंदुकीतून सोडतात. त्याच्या टोकाला पोकळ नळी असते आणि नळीच्या मागे जाड अडसर, त्यामुळे तो खोल शिरत नाही. अंगावर आपटून उडतो आणि पाण्यावर तरंगतो. मग जाळीने उचलून घेतात. नळीत वाटाण्याहून लहान असा कातडीचा आणि चरबीचा तुकडा अडकलेला असतो. दुखतं का? डॉल्फिन दचकतो, शेपटी आपटतो, बुडी मारतो. बहुतेक वेळा थोड्याच वेळात पुन्हा आपल्या कामाला लागतो. शार्क बेमधल्या संशोधकांनी २००२ साली याच गोष्टीची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांना बाण लागला होता त्यांचे फोटो पुढे घेत राहून जखम कशी भरते ते त्यांनी पाहिलं. नियम कडक असतात. तान्ह्या पिल्लाला आणि त्याच्या आईला सहसा बाण मारत नाहीत.

मी स्वतः धनुष्य कधी हातात घेतलं नाही, मी प्रयोगशाळेतली. माझ्याकडे येते ती करंगळीएवढी बाटली. तिच्यात डीएमएसओ नावाचं द्रावण असतं आणि त्यात मीठ आणखी विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचं खारवणं आठवलं. ती पावसाळ्याच्या बेगमीला बांगडे मिठात रचून ठेवायची. इथेही तेच. मिठाने डीएनए कुरतडणारी विकरं थंड पडतात, आणि बर्फ न मिळणाऱ्या होडीवरही तुकडा टिकतो.

बाणाशिवायही रस्ते आहेत. न्यूझीलंडमध्ये होडीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, पोहणाऱ्या डस्की डॉल्फिनांच्या अंगाला लांब काठीला बांधलेला खरखरीत बोळा लावून कातडीचे कण मिळवले, ही १९९९ची गोष्ट. बॉटलनोजच्या कातडीचा सर्वांत वरचा थर दर दोन तासांनी बदलतो, त्यामुळे त्या कणांना तोटा नाही. २०१० साली बाल्टिमोरच्या मत्स्यालयात पाळलेल्या डॉल्फिनांनी श्वास सोडताना डोक्यावरच्या नाकपुडीवर नळी धरून डीएनए मिळवला. आता तर नुसतं पाणी गाळूनही तिथून कोणती प्रजाती गेली ते सांगता येतं. मात्र एकेकट्या डॉल्फिनची नीट ओळख पटवायला अजून कातडीच लागते.

एवढ्याशा तुकड्यातून नर की मादी ते कळतं, कोण कुणाची आई ते कळतं आणि मोजणीही करता येते. न्यूझीलंडच्या माउई डॉल्फिनांची मोजदाद अशीच होते. एका मोसमात जेवढ्यांचे नमुने घेतले त्यांतले किती पुढच्या मोसमात पुन्हा सापडतात, यावरून गणित मांडतात. २०२०-२१च्या मोजणीत एक वर्षाहून मोठे ५४ डॉल्फिन असल्याचा अंदाज निघाला. त्या सगळ्यांची नथ एकाच घडणीची आहे.

आपल्याकडे गादा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय त्याला हातही लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून भारतातलं पुष्कळसं काम मेलेल्या डॉल्फिनांवर झालं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातले डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच, पण पाठीवर पर नसलेला छोटा प्राणी) डीएनएवरून ओळखून दाखवले.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनचं शास्त्रीय नाव 'सूसा चायनेन्सिस' आहे. नातीच्या पुस्तकात 'सूसा प्लंबिया'. बरोबर कोण? – निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, आज नातीचं पुस्तक बरोबर आहे. तुमचं छापलं गेलं तेव्हा तेही बरोबर होतं.

'चायनेन्सिस' हे नाव १७६५ साली चीनच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनला मिळालं. तिकडचे मोठेपणी पांढरे-गुलाबी होतात. 'प्लंबिया' हे नाव १८२९ साली फ्रान्सच्या कुव्हिए यांनी दिलं, ते मलबार किनाऱ्यावरून आलेल्या नमुन्यावरून. प्लंबियाचा अर्थ शिशाच्या रंगाचा. म्हणजे ज्या डॉल्फिनवरून या प्रजातीला नाव मिळालं तो आपल्याच पश्चिम किनाऱ्याचा होता. पुढे कुणी दोन प्रजाती मानत, कुणी तीन, आणि बरेच जण गुलाबी-करडे सगळे एकाच चायनेन्सिसमध्ये घालत. नुसत्या रंगावर आणि दातांच्या संख्येवर वाद मिटेना.

तो मिटवला जनुकांनी आणि कवट्यांनी मिळून. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८० कवट्या आणि २३५ ऊतींचे नमुने तपासले गेले, पश्चिम आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे. त्यात चार गट स्पष्ट वेगळे पडले. दुसऱ्या वर्षी, २०१४ला, जेफरसन आणि रोझेनबॉम यांनी चार प्रजाती मांडल्या : पश्चिम आफ्रिकेची ट्यूझाय, आपली प्लंबिया, पूर्वेकडची चायनेन्सिस आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडची सहुलेन्सिस. शेवटचीला तर तोवर नावच नव्हतं.

हा नुसता नावांचा घोळ आहे असं समजू नका. सगळे एकत्र धरले तर 'पुष्कळ आहेत, पसरलेले आहेत' असं वाटतं. वेगळे मोजले की खरं कळतं. प्लंबिया आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे. आणि प्लंबिया संपून चायनेन्सिस नेमकी कुठे सुरू होते, ही गाठ बंगालच्या उपसागरात आहे. २०१७ साली बांगलादेशाजवळच्या गाद्यांवर आणि बॉटलनोजवर काम झालं, तर तिथले दोन्हीही आजूबाजूच्यांपेक्षा जनुकांनी वेगळे निघाले. गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी आणि समुद्रतळातली खोल घळ यांनी त्यांचा कोपरा वेगळा पाडला आहे. नातीच्या मुलांच्या पुस्तकात आणखी एखादं नाव आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त मस्कतला असतो. इथे होडीतून गेलं की शेकड्यांनी डॉल्फिन दिसतात, कुशीवर पिवळसर पट्टा, लांब चोच. कोकणात कधी असे दिसले नाहीत. हे कोणते? तेही असे वस्तीवस्तीने वेगळे असतात का? – एक गृहिणी, मस्कत

उत्तर : पिवळसर पट्टा आणि लांब चोच म्हणजे कॉमन डॉल्फिन. त्यांच्याबरोबर उडी मारून गिरकी घेणारे दिसले तर ते स्पिनर. मस्कतला किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, म्हणून खोल पाण्यातले डॉल्फिन तुम्हांला सहज भेटतात. कोकणात उथळ पट्टा रुंद आहे, त्यांना बघायला फार बाहेर जावं लागतं.

हा कॉमन डॉल्फिन खऱ्या अर्थाने जगभर पसरलेला. त्याने शास्त्रज्ञांना चांगलंच दमवलं. १९९४ साली कॅलिफोर्नियाजवळच्या कवट्या आणि रंग बघून आखूड चोचीची एक आणि लांब चोचीची एक अशा दोन प्रजाती ठरल्या. मग जिथे जिथे लांब चोच दिसली तिथे दुसरं नाव लागलं. जनुकं तपासल्यावर दिसलं, की एका महासागरातले लांब चोचवाले दुसऱ्या महासागरातल्या लांब चोचवाल्यांचे जवळचे नातेवाईक नाहीतच. लांब चोच ठिकठिकाणी आपापली वेगळी उपजली होती. २०१५ साली हे नीट मांडलं गेलं आणि ती दुसरी प्रजाती मागे पडली. तुम्ही पाहता ते हिंदी महासागरातले, सगळ्यांत लांब चोचीचे. त्यांना आज 'ट्रॉपिकॅलिस' ही उपजाती मानतात.

वस्तीवस्तीने वेगळे असतात का? हो, पण गाद्यासारखे खाडीगणिक नाहीत. आखूड चोचवाल्यांवर २०१२ साली अनेक महासागरांतले नमुने घेऊन अभ्यास झाला. महासागर बदलला की अंतराचा परिणाम दिसतो. एकाच भागात मात्र पाण्याचं तापमान आणि पाणी किती सुपीक आहे, यांच्याशी जनुकांचा मेळ लागतो. संशोधकांचं म्हणणं असं, की डॉल्फिन माशांमागे जातात आणि मासे पाण्यामागे. आपल्या कुठल्याही नाखव्याला हे पटेल.

जाता जाता एक सांगते, मला फार आवडतं म्हणून. अटलांटिकमध्ये क्लायमिनी नावाचा डॉल्फिन आहे. २०१४ साली त्याच्या जनुकांवरून असं दिसलं, की ही प्रजाती स्पिनर आणि स्ट्राइप्ड या दोन प्रजातींच्या संकरातून उभी राहिली आहे. कुंपणं असतात, तशी कधी कधी ती ओलांडलीही जातात.

प्रश्न : गेल्या साली आमच्या जाळ्यात मेलेला गादा आला. केस होईल या भीतीने घरच्यांनी तो परत पाण्यात सोडला. तुम्ही अभ्यासाला तुकडा लागतो म्हणता. असा परत आला तर काय करायचं, कुणाला द्यायचा? – एक मच्छीमार बाई, देवगड

उत्तर : ताई, या महिन्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं पत्र तुमचं आहे.

भीती कळते. माझ्या घरीही तीच होती. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुळणीवर एक गादा लागला. आठ फुटांच्या आसपास मादी असावी. पोटावर जाळ्याचे वळ होते. गावाने दुपारपर्यंत खड्डा खणून ती पुरली, सुरूच्या बनाच्या कडेला. मी तिथे उभी होते. प्राणिशास्त्र शिकत होते, हातात वही होती, आणि मी काहीच लिहून घेतलं नाही. तारीखही नाही. पुढे नमुन्यांच्या बाटल्या हाताळायला लागले तेव्हा त्या मादीची आठवण पुन्हापुन्हा येऊ लागली. वाटाण्याएवढा तुकडा मिळाला असता तर दाभोळच्या खाडीची एक नथ आज माहीत असती. हाडांत आणि दातांत डीएनए पुष्कळ वर्षं टिकतो, संग्रहालयांतल्या जुन्या कवट्यांतूनही तो काढतात. पण ती जागा आता मला नक्की दाखवता येत नाही. दोनदा जाऊन पाहिलं.

म्हणून सांगते. तुकडा तुम्ही स्वतः कापायचा नाही. गाद्याचा दात, हाड, कातडी काहीही घरात ठेवायचं नाही, कायद्याने तो गुन्हा आहे. मेलेला आला तर वन विभागाला कळवा, १९२६ या क्रमांकावर पैसे न लागता फोन होतो. किंवा वन विभागाच्याच कांदळवन कक्षाच्या जवळच्या माणसांना सांगा. पशुवैद्य आणि वन विभागाचे लोक पंचनामा करतात, नमुना घेणं त्यांचं काम. त्यांना 'पुरण्याआधी नमुना घ्या' एवढं मात्र आवर्जून म्हणा. तुम्ही स्वतः कळवलंत म्हणजे लपवलं नाही, हेही नोंदीवर येतं.

जिवंत आला तर वेळ घालवू नका. जाळं कापा आणि सोडा. जाळ्याचं नुकसान भरून देणारी राज्य सरकारची योजना डिसेंबर २०१८पासून आहे, २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, तो मुलग्याला काढायला सांगा. तुमच्याकडच्या बऱ्याच जणांनी या योजनेबद्दल ऐकलं नसेल, तेव्हा गावात सांगा.

मेलेल्याचेही फोटो हवेत. पूर्ण अंगाचा एका कुशीवरून, पराचा जवळून, आणि तोंड उघडं असेल तर दातांचा. कोणत्या तारखेला, किती वावावर, कुठल्या जाळ्यात, हे कागदावर लिहून ठेवा. आणि फोटो काढताना गाद्याच्या शेजारी पायातली चप्पल ठेवा, म्हणजे त्याची लांबी काढता येते.